गुरुवारची बिस्किटं

२ एप्रिल, रविवार

पडले. आणि पडावं कुठे — शेजारच्या लोकोरोतोन्दो गावाच्या चढावर, बारच्या दारात, ऑलिव्हच्या फांद्या हातात घेऊन चर्चमधून बाहेर पडणाऱ्या अख्ख्या गावासमोर!

नवे बूट. त्यांच्या तळाला एक कडक खीळ असते, ती पॅडलमध्ये खट्कन अडकते. थांबायच्या आधी टाच बाहेर फिरवून पाय सोडवायचा असतो. मी थांबले. पाय सोडवायचा विसरले. मग काय, झाड पडावं तशी हळूहळू, सगळ्यांना नीट बघता येईल अशी आडवी झाले.

बाहेर पत्ते खेळणाऱ्यांपैकी एक म्हणाला, “बाई, सायकल भिंतीला टेकवतात. रस्त्याला नाही!”

दुसरा म्हणाला, “असू दे रे. सणाचा दिवस, जरा लवंडलीय.”

बारवालीने फडक्यात बर्फ आणला, कडक कॉफी आणली, माझ्या गुडघ्यावर स्वतः फुंकर घातली. सहा वर्षांच्या मुलीला घालतात तशी. पैसे घेतले नाहीत. आज फांद्यांच्या रविवारी कुणाकडून घेत नसते म्हणाली. खोटं असणार. पण किती गोड खोटं!

घरी आईने गुडघा पाहिला. “शेहेचाळीस वर्षांची घोडी! वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायचे सोडून हे काय आरंभलंस?”

तीही चर्चमधून फांद्या घेऊन आली होती. शेजारच्या सहा घरांना सहा; या रविवारी फांदी दिली की वर्षाचं भांडण मिटलं, अशी इथली रीत. सातवी टेबलावर उरली. दर वर्षी एक उरते. विचारलं तर म्हणाली, “मोजताना चुकले.” आणि ती फुलदाणीत खोचून ठेवली.

५ एप्रिल, बुधवार

गुडघा निळा, मग हिरवा, आता पिवळा. वाकतो पण! वाकतोय हे पुष्कळ झालं.

१६ एप्रिल, रविवार

तीन तास. एकटी. एकही मोटार नाही म्हटलं तरी चालेल — एक ट्रॅक्टर आणि एक कुत्रा, तोही कर्तव्य म्हणून भुंकला. दोन्ही बाजूंना दगडी बांध, बांधाच्या फटीफटीतून लाल फुलं. ऑलिव्हखालची जमीन नांगरलेली, तांबडीलाल. आमचं गाव चिस्तेर्निनो मागे टेकडीवर, वाळत घातलेल्या चादरीसारखं पांढरं.

एका वळणावर शेंगा तोडणाऱ्या बाईने हात केला. थांबले (पाय आठवणीने सोडवला!). तिने ओंजळभर कोवळ्या शेंगा दिल्या. “अशाच खा. शिजवायला तुला वेळ कुठाय, तू तर वाऱ्यावर निघालीस.” सायकल टेकवून बांधावर बसून खाल्ल्या. मला या वयात हे मिळतंय. गेल्या वर्षी कोठारातून बाबांची सायकल खाली उतरवली नसती तर मिळालं नसतं. दहा वर्षं खुंटीला टांगलेली होती. तिचा तो वाइनसारखा लाल रंग धुळीखाली तसाच होता.

आणि आजही जुन्या विहिरीच्या फाट्यावर डावीकडे वळले. नेहमीसारखीच. उजवीकडे काकांचं घर.

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे दर वेळी त्या फाट्यावर छातीत येतं ते कमी होईल.

बाबा, म्हणजे कताल्दो, आणि क्विरिको काका. काका थोरले, दोन वर्षांनी. दोघं लहानपणापासून सायकलवर. शर्यती, जखमा, बक्षिसाची हॅम — सगळं दोघांचं. मला सायकल शिकवली ती काकांनी, बाबांनी नाही. मी सात वर्षांची. “मान वर, पाल्मा! चाकाकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ.” काकांनी लग्न केलं नाही. दगडी बांध घालणं हा त्यांचा धंदा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. म्हणून सगळे त्यांना दगड्या म्हणतात.

आजोबा गेले आणि वाटण्या झाल्या. दोन दगडी घुमटांची घरं, एक अंगण, एक विहीर. काकांनी अंगणातून बांध घातला. विहीर त्यांच्या बाजूला गेली. आईचं म्हणणं, बांध पाऊलभर सरकवला. “माझं पाणी गिळलं त्यानं!” त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. मी चोवीस वर्षांची होते. आम्ही ते घर कुलूप लावून गावात राहायला आलो. पुढे बाबा एकटेच फिरत. दर गुरुवारी चेल्ये गावापर्यंत जात. येताना बदामाच्या बिस्किटांचं पुडकं आणत, जिना चढताना शीळ घालत. आणि तसेच एका नोव्हेंबरात गेले, भावाशी न बोलता. येत्या नोव्हेंबरात अकरा वर्षं होतील.

बुधवारी संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी चारला चर्च. काकांना आम्ही निरोप पाठवला नाही. सकाळी गावातल्या भिंतींवर काळ्या चौकटीचा कागद लागला, तोच सगळ्यांना निरोप.

काका आले. आत आले नाहीत. इथले पुरुष बाहेर उभे राहतातच, सिगारेटी ओढतात, फुटबॉलचं बोलतात — पण सख्खा भाऊ! आणि सायकलच्या तंग कपड्यांत! हातात सायकल! शवपेटी बाहेर आली तेव्हा मी सरळ त्यांच्यासमोर गेले. “जिवंतपणी आला नाहीत. आता मेल्यावर फिरायला निघाल्यासारखे आलात? पुन्हा मला तोंड दाखवू नका.”

त्यांनी फक्त टोपी काढली. आणि माझं म्हणणं अक्षरशः पाळलं. बाजारात मी दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जातात.

लिहिलं. छातीतलं कमी झालं नाही.

२० एप्रिल, गुरुवार

गुरुवार म्हणजे सकाळी नऊ ते एक वाचनालय. खिडकीतून रस्ता दिसतो. बाहेर काय ऊन पडलंय! बाबा अशाच उन्हात निघत असतील.

२८ मे, रविवार

चेऱ्या! झाडाखाली उभं राहून तोंडानेच तोडल्या. मालकाने पाहिलं आणि तोंड वळवलं. देवमाणूस.

बूट आता सायकलवर ऐकतात. जमिनीवर मात्र नाही. आमच्या गल्लीत चालले की दगडावर टक्, टक्, टक्. वरच्या मजल्यावरून कोझिमाबाई ओरडल्या, “कोण आलं? गाढव की पोलीस?”

९ जून, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

ओस्तूनीकडून परत येत होते. चार नुकतेच वाजून गेले होते. गावाच्या तोंडाशी नळावर पाणी प्यायला थांबले. भिंतीवर काळ्या चौकटीचा ताजा कागद. सवयीने वाचला, आपण सगळेच वाचतो. क्विरिको मारांजी. वय ७८. आज चार वाजता, थोरलं चर्च.

तीनदा वाचला. मग सायकलवर बसले ते गल्लीबोळांतून चर्चपर्यंत थेट. वाटेत काय मनात आलं ते लिहीत नाही. फक्त एक — काकांचं वय मला नक्की माहीत नव्हतं. सत्त्याहत्तर? अठ्ठ्याहत्तर? ज्यांनी मला सायकल शिकवली त्यांचं वय मला भिंतीवर कळत होतं.

प्रार्थना सुरू झालेली. दारातून आत पाऊल टाकलं. टक्!

ती दगडी फरशी, वरचा तो उंच घुमट — गोळी झाडल्यासारखा आवाज. मागच्या रांगेतल्या चार बायकांनी वळून पाहिलं. दुसरं पाऊल. टक्! पाद्रीबाबा क्षणभर थांबले. मी मागे सरकले. दाराबाहेर. पुरुषांच्या घोळक्यात, हातात सायकल धरून उभी राहिले.

मग खाली पाहिलं. माझे तंग कपडे. घामाचे पांढरे डाग. हे बूट. ही सायकल.

अगदी अशाच कपड्यांत. अगदी याच दाराशी.

कुणी काही सांगावं लागलं नाही. माझ्या पायांनीच सांगितलं. मी सायकलच्या हँडलवर डोकं टेकलं आणि रडले, आवाज करून, लाज न बाळगता.

मागून कुणीतरी म्हणालं, “एवढं रडायला काय झालं? लसण्याची तुझी ओळख तरी होती का?”

मी वळले. काळा सूट, काळा टाय, हातात सिगारेट. क्विरिको काका!

किंचाळले. खरंच किंचाळले. सगळा घोळका वळला.

“तुम्ही!”

“मी.”

“भिंतीवर तुमचं नाव आहे!”

“लसण्याचं आहे. माझा चुलतभाऊ, लसूण विकायचा तो. आजोबांचं नाव थोरल्या नातवाला, मग प्रत्येक घरात एकेक क्विरिको नको व्हायला? कागदावर खाली टोपणनाव छापतात ते उगाच नाही. पण त्याची मुलगी मिलानोहून आली. म्हणाली, लसण्या काय छापायचं, शोभत नाही. आता भोग!”

“सकाळपासून आमची पळापळ,” बाजूचा एक म्हातारा म्हणाला. “दगड्या, तू मरशील तेव्हा टोपणनाव मोठ्या अक्षरात छाप बाबा. आणि जमलं तर फोटो.”

“माझ्याकडे तर शेजारीण सांत्वनाचं जेवण घेऊन आली,” काका म्हणाले. “घरात कुणी नातेवाईक असतील, उपाशी असतील, म्हणून. दार मीच उघडलं. तिच्या हातून पातेलं पडलं.”

“मग?”

“उरलं तेवढं जेवलो. चवीला बरं होतं.”

मी रडत होते आणि हसत होते, आणि नाक पुसायला काही नव्हतं. काकांनी रुमाल दिला. इस्त्रीचा, चौकोनी. अकरा वर्षांत त्यांचा हात एवढ्या जवळून पाहिला नव्हता. नखांत अजून दगडाचं पीठ.

“काका, त्या दिवशी… बूट?”

“हं.”

“सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलं कुठे? तू सांगितलंस.”

“आणि कपडे?”

“रस्त्यावरून येत होतो. नळाशी थांबलो, भिंतीवर वाचलं. तुझ्यासारखंच. घरी जाऊन कपडे बदलले असते तर त्याची पेटी गेली असती.”

“कुठून येत होतात?”

“लांबून,” म्हणाले आणि सिगारेट विझवली, कारण पेटी बाहेर येत होती. आम्ही दोघं लसण्याच्या मागून चालत गेलो. ते सुटात, मी चड्डीत. टक्, टक्, टक्.

१० जून, शनिवार

आईला सांगितलं नाही. कसं सांगू? तिच्यासमोर त्यांचं नावही काढायचं नसतं. डॉक्टर म्हणतात रक्तदाब सांभाळा. त्यांच्याकडे जावं तर आईला दगा, न जावं तर — नाही. न जाणं आता जमायचं नाही.

१८ जून, रविवार

काकांबरोबर! पहाटे सहाला, नळाशी. मी चाळीस मिनिटं आधी येऊन बसले होते.

ते पुढे, मी मागे. सत्त्याहत्तराव्या वर्षी पाठ अशी सरळ, जणू इस्त्री केलीय. चढावर बोलत नाहीत. उतारावर ओरडतात, “ब्रेक नको! रस्ता ओळखीचा आहे, तो नेईल!”

पण पोचायला वेळ लागतो, कारण दर अर्ध्या मैलाला थांबतात. बांधावरून दगड पडलेला दिसला की उतरायचं, उचलायचा, हातात फिरवायचा, बसेल तिथे बसवायचा.

“कुणाचा बांध आहे हा?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक?”

“मग आपण का लावायचा?”

“दिसला कुणाला? तुला. मग तुझा.”

आज मी चार लावले. तिसरा पुन्हा पडला. काका म्हणाले, “तोंड चुकीचं केलंस. दगडाला तोंड असतं. माणसापेक्षा बरं असतं.”

घरी येऊन आईला म्हटलं, एकटीच होते. ती भाजी निवडत होती. “हं,” म्हणाली.

२ जुलै, रविवार

फाट्यावर आज उजवीकडे.

बावीस वर्षांनी ते अंगण. अंजीर केवढं झालंय! आमच्या बाजूचं घर कुलूपबंद, पण घुमटावर एक दगड हललेला नाही, पन्हळ साफ. कोण करतं ते विचारलं नाही. बांध पाहिला. माझ्या मनात तो वीस फूट उंच होता. कमरेएवढा आहे.

आणि त्याला पायऱ्या! दोन्ही बाजूंना, बांधातून बाहेर काढलेले लांब दगड, चढून पलीकडे जाता येईल असे. मधला दगड गुळगुळीत झालेला.

“या कुणासाठी?”

“बांधाला पायऱ्या ठेवतातच. कुत्र्यामांजरांनी जायचं कुठून?”

विहिरीचं पाणी प्यायले. थंड, किंचित गवताच्या वासाचं. आईला हे पाणी नेऊन द्यावंसं वाटलं. बाटली भरली आणि वाटेत ओतून टाकली. काय सांगितलं असतं?

तरी आजचा दिवस मला कुणीतरी दिलेला वाटतो. कुणाचे आभार मानू कळेना, म्हणून अंजिराचे मानले.

२१ जुलै, शुक्रवार

ऊन इतकं की डांबर बुटाला चिकटतं. पाचला निघून आठला घरी. काकांना म्हटलं, “ऑगस्टात वाचनालय बंद. एखाद्या गुरुवारी चेल्येला जाऊ, बाबा जायचे तसे.”

“गुरुवारी नको.”

“का?”

“गुरुवारी गुडघा दुखतो.”

“गुडघ्याला वार कळतो?”

“माझ्या गुडघ्याला कळतो.” आणि पुढे निघून गेले. चढावर! मला गाठता आलं नाही. दुखरा गुडघा म्हणे.

६ ऑगस्ट, रविवार

गावाचा उत्सव. चौकात दिव्यांच्या कमानी, बँड, खाटकांच्या दुकानांत भाजलेल्या मटणाचा धूर. आईने नवा पोशाख घातला. गर्दीत काका समोरून आले, आम्हाला पाहिलं आणि ठरल्यासारखा रस्ता ओलांडला. आईने पंखा जोरात हलवला. मी मध्ये उभी, दोन्हीकडे खोटी.

नंतर आइस्क्रीम खाताना आई एकदम म्हणाली, “कुणी आहे का?”

“कोण कुणी?”

“माझ्यापासून काय लपवतेस? हल्ली जिना चढताना शीळ घालतेस. तुझा बाप घालायचा तशी.”

“वारा छान असतो, म्हणून.”

“वारा!” ती म्हणाली. “तुझ्या बापालाही वाराच असायचा.”

१७ सप्टेंबर, रविवार

आज विचारलं. किती दिवस जिभेवर होतं.

बांधावर बसून अंजीर खात होतो. वर पाखरांचे थवे, दक्षिणेकडे निघालेले. म्हटलं, “काका, बाबा तुमच्याशी न बोलता गेले. याचं तुम्हाला… मला तर फार वाटतं. त्यांच्या वतीनं वाटतं.”

त्यांनी अंजिराचं देठ नीट बांधाच्या फटीत ठेवलं.

“पाल्मा, या बाबतीत मी बोलायचं नाही असा शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“जो मला त्या शब्दातून सोडवायला आता येणार नाही, त्याला.”

राग आला. तिथून उठून आले. उतारावर ब्रेक दाबत, मुद्दाम. आयुष्यभर या घरातली माणसं न बोलून बोलत आली आहेत! मला तरी काय येतं दुसरं? आईशी तेच करतेय.

१ ऑक्टोबर, रविवार

राग टिकला नाही. ते नळाशी उभे होते, खिशात माझ्यासाठी बदाम. सोललेले. त्या हातांनी एकेक सोललेले.

बदाम खाल्ले. बास.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

पावसाने वाचनालयाचं छत गळलं, आठवडाभर बंद. आणि गुरुवार. आणि पावसानंतरचं ते धुतलेलं ऊन. कुणाला न सांगता निघाले. चेल्ये.

ऑलिव्हखाली जाळ्या अंथरायला सुरुवात झालीय. वाटेत दोन दगड दिसले, लावले. शेवटचा चढ बसून काढला, उभं न राहता. मग तो चौक, घड्याळाचा मनोरा, त्याच्याखाली बार. बाबांनी कधी नाव सांगितलं नव्हतं, पण बिस्किटांच्या कागदावर तोच मनोरा असायचा.

बारवाली म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने आधी माझ्याकडे नाही, सायकलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“ही सायकल अकरा वर्षांनी आली,” म्हणाली. “आत जा. बसलाय.”

कोपऱ्यातल्या टेबलाशी काका. समोर दोन कप. एक रिकामा. दुसरा भरलेला, रिकाम्या खुर्चीसमोर.

त्यांनी मला पाहिलं. उठले नाहीत. खुर्ची पायाने मागे सरकवली. “तो गार झालाय. दुसरा सांगतो.”

मी बसले.

“दर गुरुवारी?” मी विचारलं.

“दर गुरुवारी.”

“दोघं?”

उत्तर बारवालीने दिलं, मशीनच्या मागून. “अकरा वर्षं दोघं. एक या रस्त्यानं यायचा, एक त्या रस्त्यानं. गावाबाहेर पडेपर्यंत ओळख नाही! इथे आले की कान किटतील एवढी बडबड. मग अकरा वर्षं हा एकटा. कॉफी दोनच सांगतो. मी म्हणते, दुसरी कशाला फुकट घालवतोस? तर म्हणतो, तू ओत.”

“तू गप बस,” काका म्हणाले.

“का गप बसू? त्या गुरुवारी तर दुपारी अडीच वाजेपर्यंत बसला होता पोरी. पाऊस होता. म्हटलं, अरे जा, एवढ्या पावसात येणार नाही तो. तर म्हणे, कताल्दो पावसाला भीत नाही.”

बुधवारी संध्याकाळी बाबा गेले होते. आम्ही निरोप पाठवला नव्हता.

म्हणजे ते इथून निघाले होते. इथून, पावसात, थेट त्या भिंतीपर्यंत.

काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. खरखरीत, जड. “त्याला तुझ्या आईबरोबर रोज राहायचं होतं, आणि माझ्याबरोबर गुरुवारी. विहिरीवरनं तिचं मन दुखलं होतं. खरंच दुखलं होतं. माझीही चूक होती, खडक मध्ये आला म्हणून मी बांध सरकवला, तिला विचारलं नाही. तो म्हणाला, तिला कळता कामा नये, तिला वाटेल मी तिची बाजू सोडली. मी शब्द दिला. तू आता आपण होऊन आलीस, यात माझं काही मोडलं नाही. पण तिला सांगू नकोस.”

“नाही सांगणार.”

खूप वेळ बसलो. बाबा काय काय बोलायचे ते काकांनी सांगितलं. बरंचसं माझ्याबद्दल! माझे बाबा न बोलता गेले नव्हते. अकरा वर्षं दर गुरुवारी बोलून गेले होते. हे ओझं मी उगाच वाहत होते, आणि ते आज त्या टेबलावर उतरलं. डोळे भरून येत होते आणि भूक लागली होती, दोन्ही एकदम.

निघताना बारवालीने पुडकं हातात दिलं, सुतळीने बांधलेलं. “नेहमीचं,” म्हणाली.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पुडकं स्वयंपाकघरात टेबलावरच विसरले होते.

सकाळी उठले तर आई सुतळी सोडवत होती. न तोडता, नखांनी गाठ उकलत, बाबांच्या वेळी उकलायची तशी. एक बिस्किट खाल्लं. बोटं चाटली.

“अजून तिथेच बसतो का? घड्याळाखाली?”

मी उभीच.

“आई… तुला माहीत होतं?”

“नवरा दर गुरुवारी शीळ घालत येतो. बाई असती तर बिस्किटं नसती आणली.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर जायचा थांबला असता.”

म्हणजे भांडण या घरात खरं मानलं ते एकटीने मीच.

ती उठली. फुलदाणीतली ऑलिव्हची फांदी काढली, वाळून करडी झालेली. पानं गळू नयेत म्हणून बिस्किटांच्या कागदात गुंडाळली, वरून तीच सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिली.

“हे त्याला दे. म्हणावं, मोजताना चुकले होते.”